रस्त्याच्या कपाळावरची विभूती

दानम्माला रस्त्याच्या पलीकडं जायचं होतं. गोष्ट एवढीच आहे. यात सांगण्यासारखं काय, असं कुणाला वाटलं तर त्यानं त्या दिवसांत लातूरला, गंजगोलाईकडं जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर भर दुपारी उभं राहून बघायला पाहिजे होतं.

जिल्हा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. उस्मानाबादेतून आम्ही वेगळे निघालो त्या दिवशी पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. जिल्हा झाला म्हणजे साहेब येणार, कचेऱ्या येणार, बाजार वाढणार, एवढं आम्हाला कळत होतं. साहेबांबरोबर जीपगाड्याही येतात, हे पेढे खाताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. औशाच्या एसट्या, मुरुडहून येणारे मालाचे ट्रक, टेम्पो, सायकली, हातगाडे आणि त्यांतून वाट काढणारी ढोरं, सगळं त्याच एका रस्त्यावर. भरीला पावसानं दगा दिला आणि पाण्याचे टँकर सुरू झाले. टँकरवाल्याला घाई असते, आणि दुष्काळात त्याला बोलायची कुणाची छाती होत नाही. रस्ता मात्र तोच होता, बैलगाड्यांच्या काळातला, खड्ड्याला खड्डा लागलेला.

त्या रस्त्यावर माझं भांड्यांचं दुकान. गुरुबसप्पा भांडेवाला म्हणून विचारलं तर अजूनही कुणीही दाखवील. दुष्काळात आमचा धंदा चालतो, हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. नळ कधीतरीच येऊ लागला की घरात असतील तेवढे हंडे माणसाला कमी पडायला लागतात.

दुकानापुढं दगडी ओटा होता, वडिलांनी बांधलेला. त्याच्या डाव्या कोपऱ्यावर दानम्मा बसायची. बहात्तरच्या दुष्काळात ती आणि तिचा नवरा नागप्पा औशाकडच्या एका खेड्यातून पोटासाठी बाहेर पडले. आधी दुष्काळी कामावर खडी फोडली, मग लातूर गाठलं. नागप्पा गंजात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा दानम्मा माझ्या वडिलांकडं आली आणि उद्यापासून तुमच्या ओट्यावर विभूती विकायला बसणार, असं सांगून गेली. विचारलं नाही, सांगितलं. वडील रोज मठात जाणारे माणूस, विभूतीला नाही कसं म्हणणार? तेव्हापासून ती रोज सकाळी येऊन आधी आमच्या उंबऱ्याला आणि तराजूला विभूतीचं बोट लावायची, मग आपलं फडकं पसरायची. फडक्यावर विभूतीचे गोळे, रुद्राक्ष, गळ्यातल्या लिंगाचे पांढरे दोरे, कापूर आणि सोमवारी बेल.

विभूतीच्या बाबतीत बाई भारी कडक. चपला ओट्याखाली काढून ठेवायच्या आणि दिवसभर अनवाणी बसायचं. गिऱ्हाइकानं गोळा घेताना चिमूटभर राख खाली सांडली तर ती ओल्या बोटानं टिपून कपाळाला लावायची. पायाखाली जाऊ द्यायची नाही. एकदा माझाच पाय चुकून फडक्याच्या टोकावर पडला तर तिनं मला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत असं काही सुनावलं, की मालक कोण आणि ओट्यावर बसणारी कोण, याचा लोकांना प्रश्न पडला असेल.

रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, लिंबाखाली केवळाबाई बसायची. भाजलेल्या शेंगा आणि फुटाणे विकायची. ही मुरुडकडची, मराठा घरची. दोघींची गाठ पडली ती त्या बहात्तरच्या कामावर. शेजारीशेजारी बसून खडी फोडली, एकाच पळीनं वाढलेली सरकारी सुकडी खाल्ली, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. लातुरात आल्यावर दोघींनी जागा धरल्या त्या समोरासमोर. दुपारी बारा वाजले की दानम्मा फडकं दुमडायची, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घ्यायची आणि पलीकडं जायची. केवळाबाईची अंबाडीची भाजी आणि भाकरी असायची. केवळाबाईच्या घरी मटण शिजायचं, म्हणून दानम्मासाठीचा भाजीचा डबा तिनं वेगळा ठेवला होता आणि त्यात दुसरं काही घालणार नाही अशी लिंबाला हात लावून शपथ घेतली होती. आमच्या लिंगायतांतल्या एकानं यावरूनही नाक मुरडलं होतं. दानम्मानं त्याला विचारलं, की दुष्काळात सुकडी वाढणाऱ्याची जात तू विचारली होतीस का.

मग दोन उन्हाळ्यांमागं ते झालं. दानम्मा चटणी घेऊन पलीकडं निघाली होती. एका ट्रकला चुकवायला मागं सरली आणि मागून येणाऱ्या टँकरनं तिला उडवलं. जिवावरचं पायावर निभावलं. पाय बरा झाला, जरा वाकडा बसला इतकंच. भीती मात्र बरी झाली नाही. ती ओट्याखाली उतरायची, रस्त्याच्या कडेपर्यंत जायची, एक भोंगा वाजला की अंग चोरून परत यायची. केवळाबाईनं यावं म्हटलं तर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिला गाडी दिसायची ती अंगावर आल्यावर.

तेव्हापासून दोघी बारा वाजता आपापल्या जागेवर डबा उघडायच्या. इकडून ही हात वर करायची, तो अंधुक हललेला दिसला की तिकडून ती. मग खाली मान घालून जेवायच्या. मला ते बघवत नसे. दोन म्हाताऱ्या, मध्ये एक रस्ता, आणि दोघी परमुलखात असल्यासारख्या. शेवटी मीच मध्ये पडलो. चटणी इकडून तिकडं आणि भाजी तिकडून इकडं नेणारा गडी म्हणजे मी. भांड्यांच्या दुकानाचा मालक हातात अंबाडीचा डबा घेऊन टेम्पोंच्या मधून पळतोय, हे बाजारानं दोन वर्षं बघितलं. वर दोघींच्या तक्रारी. चटणी कमी का आली? वाटेत खाल्लीस का?

आणि त्या हिवाळ्यात बातमी आली, की आमचा रस्ता नवा होणार. नुसतं डांबर नव्हे, रुंद होणार, दोन्ही बाजूंनी फुटपाथ, मध्ये दुभाजक, ब्रेकर, सगळं. जिल्ह्याच्या गावाला शोभेल असा. मी कडाडून विरोध केला. का, तर माझा ओटा जाणार होता.

कामावरचा मुकादम व्यंकट म्हणून होता, अर्धापूरचा. केळीच्या गावचा माणूस. आमची कोरडी विहीर बघितली की सुतकात आल्यासारखं तोंड करायचा. ओटा पाडायला तो माणसं घेऊन आला तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो आणि वडिलांच्या काळापासूनचा सगळा इतिहास त्याला ऐकवला. त्यानं तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "अप्पा, रस्ता तुमच्या ओट्यावर नाही आला, तुमचा ओटा रस्त्यावर येऊन राहिला." माणूस उलट बोलला की मला राग येतो, आणि खरं बोलला की जास्त येतो. ओटा गेला. दानम्मा खाली आली आणि माझ्या दाराला लागून जमिनीवर बसू लागली. मला वाटलं ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, जाऊ दे, दगडच होते.

कारण व्यंकटनं तिला एक गोष्ट सांगितली होती. चालणाऱ्या माणसांना पलीकडं जायला वेगळी जागा होणार, दुभाजकाला तिथं फट ठेवणार, आणि ती फट तुमच्या दुकानासमोरच येते. त्या दिवसापासून आमच्या रांगेत रस्ता व्हावा असं मनापासून वाटणारी ती एकटी होती. रोज व्यंकट दिसला की तिचा एकच प्रश्न, कवा होणार. खडी पसरली आणि त्यावर पाणी मारायला टँकर आला, तेव्हा गल्लीतल्या बायका हंडे घेऊन आडव्या आल्या. माणसाला घोटभर पाणी नाही आणि रस्त्याला आंघोळ, असं म्हणत त्यांनी टँकरच रिकामा केला. व्यंकट कळवळून सांगत होता, की हे मचूळ विहिरीचं पाणी आहे, ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? काम अडलं. तेव्हा दानम्मा लंगडत उठली, एकीच्या हंड्यातली ओंजळ तोंडात घेतली, सगळ्यांसमोर चूळ टाकली आणि म्हणाली, प्या आता. बायकांनी हंडे ओतून दिले. रोलर परत सुरू झाला.

डांबर पडलं. ताज्या डांबराचा तो वास, धूळ बसलेली, गाड्यांचा खडखडाट थांबलेला. मान्य करतो, मलासुद्धा बरं वाटलं. ब्रेकरही झाले, फटीच्या दोन्ही बाजूंना, चांगले उंच. मग दुभाजक बांधायला घेतला. कमरेइतकी भिंत. ती आमच्यासमोर उभी राहिली त्या दिवशी दुपारी दानम्मानं सवयीनं हात वर केला, आणि तसाच धरून बसली. ओटा गेल्यापासून ती जमिनीवर बसत होती, केवळाबाई तर कायमच जमिनीवर. मध्ये भिंत आली आणि दोघींना एकमेकींचा वर केलेला हातही दिसेना. फट होती, पण ती जरा बाजूला, आणि केवळाबाईच्या डोळ्यांना तेवढ्यातून काय दिसणार. दानम्मानं डबा उघडला नाही. "चांगला केला बाबा रस्ता," एवढंच ती म्हणाली. तिला असं बोलताना मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

आता पट्ट्यांवर सगळी भिस्त होती. व्यंकट म्हणत होता, पट्टे मारले की गाड्या थांबतात, कायदाच आहे. एका सकाळी तो रंगाचा डबा घेऊन स्वतःच बसला. आमच्या बाजूनं सुरुवात केली. एक पट्टा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला आणि रंग संपला. बाकीचा रंग नांदेडहून यायचा होता, आठवडा लागणार होता. म्हणजे आमच्या निम्म्या रस्त्यावर पांढरेशुभ्र तीन पट्टे आणि पलीकडच्या निम्म्यावर नुसतं काळं डांबर. त्यात मधल्या पट्ट्यावर नळाच्या व्हॉल्व्हचं गोल झाकण आलं होतं, आणि त्याला नळवाल्यांनी लाल रंग दिलेला होता.

आता लिंगायताच्या पोरानं दुकानाच्या दारातून हे बघितलं तर त्याला काय दिसेल? काळं कपाळ, त्यावर एकाखाली एक तीन आडवे पांढरे पट्टे, मध्ये लाल टिळा. मला तर हसूच फुटलं. व्यंकट हात पुसत आला आणि दानम्माला म्हणाला, "घ्या अक्का, झाला तुमचा रस्ता. चला, आधी तुमीच जा."

दानम्मा उठली. फुटपाथच्या कडेला गेली. कितीतरी वेळ बघत राहिली. मग वाकून पहिल्या पट्ट्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि दोन पावलं मागं आली.

"ह्याच्यावर पाय कसा ठिवू रे लेकरा? ही इभूत हाय."

व्यंकटला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो तिला समजावू लागला, की हा रंग आहे, डब्यातला आहे, मीच तर आत्ता मारला. दानम्मा शांतपणे म्हणाली, "इभूत बी शेणाची राखच असती की. कपाळाला लावली म्हंजी इभूत हुती."

विभूतीवाली अक्काच पाय ठेवत नाही म्हटल्यावर दुसरं कोण ठेवणार? दोन दिवसांत बाजारभर झालं. आमच्या बायका पट्ट्यांपाशी येऊन हात जोडायच्या आणि कडेकडेनं, डांबरावरून, गाड्यांच्या तोंडी जायच्या. जी जास्तच भाविक होती ती चपला हातात घेऊन जायची. मराठ्यांच्या, मारवाड्यांच्या बायका बघूनबघून तसंच करू लागल्या, रांगोळी ओलांडावी तशा. सोमवारी त्या लाल झाकणावर बेल आणि पांढरं फूल दिसलं. बेल कुणाकडून घेतला होता, हे मी सांगायला नको. व्यंकट डोक्याला हात लावून बसला. चालणाऱ्यांसाठी एवढी जागा केली, आणि चालणारे तेवढी जागा सोडून सगळीकडून चालत होते.

मी म्हटलं, आपण शास्त्रार्थ करू. आमच्या आळीत पंचाक्षरी अय्या भिक्षेला येत, जंगम घराण्यातले, शब्दाला मान असलेले. त्यांना मी दानम्मासमोरच विचारलं, की अय्या, रस्त्यावर विभूतीसारखे पट्टे असले तर पाय ठेवावा का. अय्यांनी पट्ट्यांकडं बघितलं, दानम्माकडं बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, बघून सांगावं लागेल. एवढं बोलून ते फुटपाथनं गोलाईकडं चालते झाले. त्यांना जायचं होतं पलीकडच्याच घरी. ते मोठा वळसा घालून पलीकडच्या फुटपाथवरून परत येताना मी बघितले.

त्यानंतर मला उदगीरला लग्नाला जावं लागलं. दोन दिवस दुकान बंद. दुकान बंद म्हणजे चटणीची नेआणही बंद, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिसऱ्या दिवशी एसटीतून उतरून मी कुलूप उघडायला आलो तेव्हा बारा वाजत आले होते. चैत्र संपून वैशाख लागलेला. डांबरावर ऊन असं तापलं होतं, की चपलेतूनही चटका लागावा. दानम्मा फडक्याशी बसली होती, डबा न उघडता. मला म्हणाली, दोन दिस झाले, केवळीची खबर न्हाई.

तिकडं केवळाबाईचंही तेच झालं होतं, हे मला मागून कळलं. दुकान बंद, भाजी न्यायला कुणी येत नाही, भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं तर कुणी नीट सांगेना. तिच्या मनानं घेतलं, की दानम्माला काहीतरी झालं. तेवढं पुरे झालं. ती उठली, भाजीचा डबा पदरात बांधला आणि रस्त्यावर आली.

मी कुलपात किल्ली घातली आणि दानम्माचा आवाज ऐकून वळलो. केवळाबाई पलीकडचा निम्मा रस्ता ओलांडून दुभाजकाच्या फटीत उभी होती. दोन्ही चपला हातात. दानम्माच्या विभूतीची गोष्ट तिच्याही कानावर गेली होती ना. अनवाणी तापल्या डांबरावरून आलेली, एक पाय उचल, एक टेकव, असं चाललेलं. आता आमच्या बाजूला पट्टे होते. काळ्यावर पांढरं, तेवढं तिला अंधुक दिसत असणार, कारण ती पट्ट्यांच्या कडेकडेनं, जपून, काळ्यावरूनच पाऊल टाकू लागली. पाय पोळत होते म्हणून धड चालता येईना, आणि दिसत नव्हतं म्हणून धड पळता येईना. ती आमच्या बाजूच्या रस्त्याच्या मधोमध थबकली. आणि त्याच वेळी गोलाईकडून टँकर आला.

दानम्मा कधी उठली मला कळलं नाही. मी फक्त तिला ओरडताना ऐकलं.

"केवळे, पांढऱ्यावर ये. इभूतीवर पाय दे."

केवळाबाईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "तुजी इभूत हाय की गं ती."

"असू दे. पाय दे म्हन्ते ना."

आणि बोलता बोलता दानम्मा फुटपाथवरून खाली उतरली. वाकडा पाय, अनवाणी. पहिलं पाऊल काळ्यावर पडलं आणि चटक्यानं ती कळवळली, दुसरं पाऊल पट्ट्यावर. तिथून सरळ दुसऱ्या पट्ट्यावर. बेलाची वाळलेली पानं तिच्या पायाखाली चुरडली. तिनं केवळाबाईचं मनगट धरलं आणि तिला पांढऱ्यावर ओढून घेतलं. टँकर ब्रेकरवर आदळला, चाकं करकरली आणि पट्ट्यांच्या चार हात अलीकडं तो उभा राहिला. वरच्या तोंडातून पाणी उसळून रस्त्यावर सांडलं, डांबरावर वाफ झाली. मला वाटलं आता ड्रायव्हर शिव्या घालणार. त्यानं खिडकीतून खाली बघितलं. पांढरे पट्टे, लाल टिळा, बेल, आणि त्यावर उभ्या दोन म्हाताऱ्या. कशावर गाडी घालता घालता वाचलो असं त्याला वाटलं कुणास ठाऊक, त्यानं नुसता कपाळाला हात लावला.

दानम्मा मात्र हललीच नाही. खाली पायांकडं बघत उभी होती. काळं डांबर तव्यासारखं तापलं होतं आणि पांढरा पट्टा पायाला सोसवत होता.

"थंड हाय गं," ती म्हणाली.

"इभूत थंडच असती म्हनून तूच सांगत हुतीस की," केवळाबाई म्हणाली.

त्यावर दानम्मा हसली. मग तिनं मागं आमच्याकडं बघितलं, पुढं लिंबाकडं बघितलं, आणि मला वाटलं ती परत फिरेल. दोन वर्षं ती इथूनच परत फिरत आली होती. ती म्हणाली, चल. पण पुढच्या निम्म्या रस्त्यावर रंगच नव्हता, आणि दानम्माच्या चपला माझ्या दारात. केवळाबाईनं आपल्या हातातल्या दोन चपलांपैकी एक तिला दिली. दोघी एकेक चपल घालून, एकमेकींचा हात धरून, एका पायावर भार टाकत, लंगडीच्या डावातल्या पोरींसारख्या पलीकडं गेल्या. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या होत्या. भोंगा एकानंही वाजवला नाही. आमच्या रस्त्यावर असं त्याआधी झालं नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

पुढचं आताच सांगून टाकतो. नांदेडचा रंग आला तेव्हा व्यंकटनं दानम्माला विचारलं, उरलेले मारू का, का राहू देऊ. ती म्हणाली, केवळीच्या दारापत्तोर मार, उन्हाचं तिकडं बी पाय पोळतात. आळीतल्या बायका आल्या आणि विभूतीवर पाय कसा ठेवलास म्हणून तिला विचारू लागल्या, तर ती त्यांना सांगायची, की जी इभूत जीव वाचवती तिच्यावर पाय न ठिवणं हाच अपमान. पंचाक्षरी अय्यांनीही नंतर बघून सांगितलं. आपल्यात विभूती जशी पवित्र तसं गुरूच्या पायाचं तीर्थही पवित्र, म्हणजे पायाला कमी लेखायचं कारण नाही, असा त्यांचा निर्णय आला. येईपर्यंत सगळा बाजार पट्ट्यांवरून चालू लागला होता. त्या जागेला नाव मात्र पडायचं ते पडलं. रिक्षावाला विचारायचा, कुठं उतरायचं, आणि माणूस म्हणायचा, इभूतीपाशी. पुढं सगळीकडं पट्टे आले, पण आमच्याकडं इभूत ही एकच.

पण त्या दुपारचं राहिलं. दोघी पलीकडं पोहोचल्या आणि मी दाराशी उभा राहून बघत होतो. भिंतीमुळं नीट दिसेना, म्हणून कुलूप काढून एक हंडा बाहेर ओढला, उलटा घातला आणि वर चढलो. माझ्याच विकायच्या हंड्यावर, पोचा आला तो आला. लिंबाखाली केवळाबाईच्या टोपलीशेजारी चौघडी घातलेलं एक गोणपाट होतं. ते मी दोन वर्षं बघत होतो. भाजी आणायला गेलो की दमून त्यावर टेकायला जायचो, आणि केवळाबाई मला दर वेळी उठवायची, तिथं बसू नको म्हणून. मला वाटायचं, मालावर घालायला ठेवलंय. केवळाबाईनं ते झटकलं, सरळ केलं, आणि दानम्मा त्यावर जाऊन बसली, जशी काही रोजच बसत होती.

मग तिनं तिकडून हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो हात माझ्यासाठी होता. मी हंड्यावरून विचारलं, काय पाहिजे. तिनं बोटं चाटल्यासारखी करून दाखवली.

चटणीचा डबा माझ्या दाराशीच राहिला होता. तो घेऊन मी निघालो. पट्ट्यांपाशी आल्यावर थांबलो, इकडंतिकडं बघितलं, कुणी ओळखीचं बघत नाही अशी खात्री केली, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि पांढऱ्यावर पाय ठेवला. खरंच थंड होता.